शेवटच्या नळीपर्यंत

दामू,

काल तुझा तेरावा झाला आणि आज सकाळच्या गाडीनं मी अमरावतीला परत आलो. तेराव्याच्या पंगतीतून उठता उठता कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर असून स्वतःच्या तापाशी लढता आलं नाही बिचाऱ्याले. अंगात दमच नव्हता." मी तिथं काही बोललो नाही. तुझ्याच दारात, तुझ्याच तेराव्याच्या जेवणावर भांडण काढलं असतं तर शांतावहिनींनी मला पुन्हा घराची पायरी चढू दिली नसती. पण बाहेर गप्प बसलेला वकील घरी आल्यावर किती बोलतो, ते तुला माहीत आहे. त्या गृहस्थाचं म्हणणं मला खोडून काढायचंय, आणि ऐकायला तूच हवास. दुसऱ्या कुणाला सांगायला बसलो तर तो निम्म्यावरच जांभई देईल.

मुद्दा एवढाच आहे की तुझं अंग लढलं की नाही. बाकी तू किती शिकलास, कुठे नोकरी केलीस, अकोल्यात किती नाव काढलंस, ते सगळं तेराव्याला बोलून झालंय. त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि तू असतास तर पोट धरून हसला असतास.

तू ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरच्या लष्करी दवाखान्यातून घरी आलास तो दिवस आठवतो. तिकडून येणारे लोक घड्याळं आणत, पॅराशूटचं रेशमी कापड आणत. तू कापसात गुंडाळलेली एक काचेची नळी आणलीस आणि तीत जंतू! आणि वर कौतुकानं सांगत होतास की हे फार गरीब आहेत, कुणाला काही करत नाहीत, पण यांना जगवायला मटणाचं पाणी लागतं. तुमच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात त्यावरून जे रामायण झालं ते मी ओसरीवर बसून ऐकलं. शेवटी शांतावहिनींनी निकाल दिला, "जंतू पाळायचे तर पाळा. पण माझ्या चुलीवर त्यांचा सैपाक होनार नाही." म्हणून तुझी प्रयोगशाळा गोठ्यात गेली. तिथं वेगळी शेगडी आली, वेगळं पातेलं आलं, नळ्या उबदार ठेवायला खाली रॉकेलचा दिवा लावलेली लाकडी पेटी आली. उन्हाळ्यात मात्र तुझी पंचाईत व्हायची. अकोल्याच्या मे महिन्यात पेटीपेक्षा गोठाच जास्त तापायचा आणि तू त्या नळ्या घेऊन माठाजवळ जाऊन बसायचास. वर्षभरात वहिनी त्या गोठ्यात तुझ्याआधी जाऊ लागल्या. रक्त उभं ठेवून त्याच्यावरचं पिवळं पाणी काढणं, ते एका नळीतून दुसरीत पातळ करत नेणं, हे त्या तुझ्यापेक्षा नीट करायच्या. तुझा हात थोडा कापायचा, त्यांचा नाही. आंघोळ करूनच परत घरात यायच्या, तो भाग वेगळा.

हे सगळं वेड आहे असंच मी धरून चाललो होतो. मग यमुनेला, माझ्या बायकोला, ताप आला.

ती आणि तिची आई कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला गेल्या होत्या. दर्शन झालं, वर्धा नदीच्या काठी गवतात बसून शिदोरी सोडली, दुपारभर तिथंच पडल्या, घरी आल्या. पंधरवडा गेला आणि हिनं अंथरूण धरलं. डोकं फुटतंय म्हणायची, डोळे लाल झालेले, उजेड सहन होईना. इथल्या डॉक्टरांनी मुदतीचा ताप ठरवला, खाणं तोडलं आणि वर सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या. ताप हटेना. ती बरळायला लागली तेव्हा मी तुला तार केली आणि तू दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूर, बडनेरा करत हातात पेटी घेऊन दारात उभा राहिलास. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, आणि मला म्हणालास, "काय बे वकिला, रडून काय राहिला? पानी दे आधी."

तू सासूबाईंना आत पाठवलंस आणि अंगावर कुठं काही डाग, पुरळ आहे का बघायला सांगितलंस. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, पोटावर बारीक पुरळ आहे आणि कमरेला, लुगड्याची गाठ येते तिथं, एक काळी खपली आहे. तू मान हलवलीस. "बिब्बा लावला असंल." आपल्याकडे कंबर दुखली की बिब्बा, गुडघा धरला की बिब्बा. बिब्ब्यानं कातडी जळून धरलेल्या अशा काळ्या खपल्या तू हजार पाहिल्या होत्यास. तू पुढचं विचारायला लागलास. सासूबाई तिवशाच्या. त्यांना कुणी आपल्या अंगावर न केलेली गोष्ट टाकलेली चालत नाही.

"डाक्टरसायेब, आमी कावून लावू बिब्बा? पोरीले तिथं दुखत नोतं ना खुपत नोतं. घरात बिब्बाच नाही."

तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू उठून उभा राहिलास. "दुखत नव्हती खपली? अजिबात?" मग जत्रा, नदी, गवत हे सगळं एकेक करून विचारलंस आणि कपाळावर हात मारून घेतलास. सैन्यात अशाच खपल्या तू शेकड्यानं पाहिल्या होत्यास. गवतातला डोळ्याला न दिसणारा किडा चावतो, तिथं काळी खपली धरते, ती दुखत नाही, आणि हा ताप घेऊनच येते. तिकडे रानात पाहिली की लगेच ओळखायचास. इथं वऱ्हाडात बाईच्या कमरेवर दिसली म्हणताच तुला बिब्बा आठवला. सैन्यातल्या तुझ्या गोऱ्या साहेबाच्या हातून ही चूक होणं शक्य नव्हतं, कारण त्याला बिब्बाच ठाऊक नव्हता. त्यावरून मी तुला पुढे सतत छळलं.

गोळ्या तू तिथल्या तिथे बंद केल्यास. या तापात त्या अपायच करतात, म्हणालास. खायला घाला, कण्या द्या, मुगाचं पाणी द्या, उठू देऊ नका. मी औषध विचारलं. तू म्हणालास, "नाही." मला वाटलं, अमरावतीत मिळत नसेल. मुंबईहून मागवू म्हणालो. तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि हळू आवाजात सांगितलंस, "अरे, दुनियेतच नाही. जे करायचं ते यमुनावहिनींच्याच अंगाले करावं लागंल."

हाच ताप असला तर रक्तानं नळीतल्या जंतूंत खूण उमटते, म्हणून तू रक्त घेऊन गेलास आणि तुझं उत्तर आलं की नळ्यांत काही निघालं नाही. मी भडकलो. पहिल्या गाडीनं अकोल्याला आलो आणि तुझ्या गोठ्यात उभा राहून तुला नाही नाही ते बोललो. बायको मरणाच्या दारात आहे आणि तू गोळ्या बंद करून बसलास, आणि तुझीच परीक्षा सांगते की हा तुझा ताप नव्हेच. तू सगळं ऐकून घेतलंस. "ओरडून झालं? आता ऐक. शत्रू आला ते अंगाले कळलंय, म्हणून तर ताप आहे. पण त्याच्या मापाचं हत्यार घडवाले वेळ लागतो. ते अजून घडून राहिलं. चार-सहा दिवसांनी पुन्हा रक्त घेऊ."

ते दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. तुला माहीत आहे, कारण तू अकोल्याचे पेशंट वाऱ्यावर सोडून आमच्या ओसरीवर पथारी टाकली होतीस. दुसऱ्यांदा रक्त घेतलं आणि मला म्हणालास, चल, या खेपेला तूच डोळ्यांनी पाहा.

तुझ्या गोठ्यात सकाळची वेळ होती. वहिनींनी पेटीतून नळ्या उभ्या ठेवायची घोडी काढून तुझ्या हातात दिली. तू एक नळी खिडकीशी धरलीस, माझ्या हातात भिंग दिलंस. आदल्या दिवशी सगळ्या नळ्यांत सारखंच दुधट पाणी होतं, हे मी स्वतः पाहिलं होतं. आता वरचं पाणी स्वच्छ निवळलेलं आणि तळाशी बारीक बारीक चोथा, दूध नासल्यावर धरतो तसा. दुसरी नळी, तशीच. तिसरी, तशीच. शेवटच्या नळीत यमुनेचं रक्त एवढं पातळ केलं होतं की त्यात तिचं म्हणून काही उरलं असेल यावर माझा विश्वास बसेना. तिथंही तळाशी तेच. मी विचारलं, हे जंतू यमुनेच्या अंगात होते ना?

"नाही. कधीच नव्हते. हे माह्या नळीतले, गरीब बिचारे."

"मग तिचं रक्त यायच्यावर कावून धावून राहिलं?"

"तोंडावळा मिळतो म्हणून. खऱ्या चोराच्या अंगावर जसा कोट आहे, तशीच एक गुंडी यायच्या कोटाले आहे. तेवढी गुंडी पाहून तिचं रक्त यायले धरून राहिलं."

मी वकील. मी म्हणालो, ओळख परेडीत साक्षीदारानं भलत्याच माणसाची गचांडी धरली तर मी त्याची साक्ष पाच मिनिटांत उडवीन. तू म्हणालास, "उडव. पन त्यानं अंधारात, कधी न पाहिलेल्या मानसाच्या कोटाची गुंडी ध्यानात ठेवली, तिच्या मापाचे हात घडवले, अन् आता ती गुंडी जिथं दिसंल तिथं धरून राहिला. एका हप्त्यात. तिले शुद्ध नाही, तुह्यं नाव धड सांगता येत नाही, अन् आत हे चालू आहे. साक्ष उडवाची आहे तर उडव, पन आधी पाया पड." आणि खरंच सांगतो दामू, मी त्या नळीला हात जोडले. देवळात माझे हात असे आपोआप कधी जुळले नव्हते. माझ्या बायकोला मी रोज पाहत होतो. पोळ्या लाटताना, भांडताना, वेणी घालताना. तिच्यात हे सामर्थ्य आहे हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि तिलाही ते माहीत नव्हतं.

मग मी जो प्रश्न विचारला त्यावर आपण तू जाईपर्यंत भांडलो. खरा चोर कुठे आहे, असं मी विचारलं. तू सांगितलंस, रक्ताच्या बारीक वाहिन्यांना आतून जे अस्तर असतं, त्याच्या एकेका पेशीत तो शिरून बसतो आणि तिथंच वाढतो. म्हटलं, मग हे रक्तातले शिपाई बाहेर आणि चोर घरात. आत जाऊन त्याला धरतं कोण?

तू नळी घोडीत परत ठेवलीस. मग म्हणालास, सैन्यात मेलेल्या पोरांचे तुकडे तू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होतेस. त्या बारीक वाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशींची गर्दीच गर्दी दिसायची. "जमाव दिसते. आत शिरून काय करून राहिलेत ते दिसत नाही. माहा अंदाज, घरासकट चोराले मारत असतीन."

"कोनाचं घर?"

"आपलंच, बे."

मला ते पटलं नाही. आपलंच अंग आपलंच घर जाळील हे मी कबूल करायला तयार नव्हतो. शेवटपर्यंत झालो नाही. तू म्हणायचास, थोडं घर जाळून गाव वाचत असेल तर शहाणा माणूस काय करील? मी म्हणायचो, पुरावा दाखव. पुरावा तुझ्यापाशी नव्हता आणि हे तू नेहमी सरळ कबूल करायचास, म्हणूनच मला तुझा राग येत नसे.

यमुनेचा ताप उतरला. एका सकाळी सासूबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि त्या रडायलाच लागल्या. मला वाटलं, संपलं. पण कपाळ गार लागलं होतं आणि अंग घामानं चिंब होतं. यमुना म्हणाली, "भूक लागली." तू ओसरीवरून ऐकलंस आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास. तुला आभार मानलेले आवडत नसत, म्हणून मी कधी मानले नाहीत. तुझ्या परीक्षेनं तिला वाचवलं नाही, हे तू मला शंभर वेळा बजावलंस. तिचं तीच वाचली. तू फक्त तिच्या आड येणाऱ्यांना बाजूला केलंस. एवढं तरी तुझं होतं ना रे? आज तेवढे आभार घे.

पुढे दर काही महिन्यांनी तू तिचं रक्त मागायचास. नळ्यांतला चोथा कमी कमी होत गेला आणि एका खेपेला सगळ्या नळ्या दुधटच राहिल्या. यमुना हिरमुसली. "माह्यं रक्त विसरलं का?" तू तिची समजूत काढलीस की हत्यारं खाली ठेवली असतील, विद्या कुठंतरी ठेवून दिली असेल. पुन्हा तो ताप येणारच नाही का, असं तिनं विचारल्यावर मात्र तू खोटा धीर दिला नाहीस. दुसऱ्या खोऱ्यातला चोर दुसरा कोट घालून येतो, म्हणालास.

आणि मग यंदा तूच. मेळघाटच्या पायथ्याशी लाकूडतोडे आजारी पडताहेत हे ऐकून धावलास. साऱ्या जिल्ह्याला गवतात बसू नका म्हणून सांगणारा तू, तिथं भाकर-ठेचा खायला गवतातच बसलास. मी अकोल्याला आलो तेव्हा ताप चढलेला होता, औषध अजूनही हाती नव्हतं, आणि तू गुडघ्यामागची काळी खपली मला कौतुकानं दाखवलीस. "पाहून घे. हा बिब्बा नोहे." तुला मारावंसं वाटलं मला.

यमुना माझ्याबरोबरच आली होती. तिनं तुझ्या खाटेपाशी बसून, पदर सावरून हात पुढे केला. "भाऊजी, माह्यं रक्त घ्या. त्याले हा ताप ओळखीचा आहे." तू हसलास. तिच्या नळ्या कधीच्या दुधट झाल्या, सैन्यात असं रक्त देऊन पाहिलं आणि उपयोग झाला नाही, चोर घरात बसलाय, बाहेरून आणलेले शिपाई काय करतील, असं सगळं तिला समजावून सांगितलंस. तिला ते पटलं नाही, मलाही नाही. तुझं शास्त्र बरोबर असेल. पण बाईनं हात पुढे केला होता, दामू. तिच्या समाधानासाठी चार थेंब घेतले असतेस तर काय बिघडलं असतं? हा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तो इथं लिहून टाकतो, म्हणजे तुझा तुला पोचेल.

पहिल्या रक्तात काही निघालं नाही. तू म्हणालास, अजून घडतंय. मग श्वास लागायला लागला, ओठ निळे पडले. त्या शेवटच्या दिवशी दुपारी तू वहिनींना हाक मारलीस आणि दंड पुढे केलास. त्यांनी रक्त घेतलं, गोठ्यात गेल्या, परत आल्या. "लावल्या?" "लावल्या." "सकाळी सांग." त्यानंतर तू काही बोलला नाहीस. दिवेलागणीला गेलास.

सकाळी मोर्णा नदीच्या काठी तुला पोचवून आम्ही परत आलो. आडावर आंघोळ करून मी ओल्या धोतरानंच उभा होतो. वहिनी मागच्या दारात बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पेटीतला दिवा जळूनच राहिला. तुमी पाहा जाऊन. मी नाही पाहनार."

मी गोठ्यात गेलो. पेटी उघडली, घोडी बाहेर काढली, तू धरायचास तशी पहिली नळी खिडकीशी धरली. चौकटीवर टेकवून भिंग लावलं. वरचं पाणी निवळलेलं होतं. तळाशी चोथा. दुसरीत, तिसरीत, चौथीत. दामू, लाकडावर ठेवलेलं तुझं अंग मी तासाभरापूर्वी माझ्या डोळ्यांनी जळताना पाहिलं होतं, आणि इथं तुझं रक्त त्या गरीब जंतूंची गचांडी धरून बसलं होतं. तू श्वासासाठी तडफडत होतास तेव्हा आत तुझ्याच अंगात ती गुंडी ओळखली गेली होती, तिच्या मापाचे हात घडले होते, हजारोंनी, लाखोंनी. ते जिंकायच्या वाटेवर होते. त्यांना आणखी थोडे दिवस हवे होते, आणि तुझ्या छातीनं ते दिले नाहीत. त्या पंगतीतल्या गृहस्थाला मी आता काय सांगू? त्यानं ती नळी पाहायला हवी होती.

मी बाहेर आलो. वहिनी मागच्या दारातच होत्या. मीच म्हणालो, "वहिनी, धरलंय. शेवटच्या नळीपर्यंत."

त्या अंगणाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मंग त्यायले सांगा नं. वाट पाहून राहिले होते ते."